समुद्र वगळून

आमच्या खेळातून समुद्र काढून टाकलेला मी पहिल्यांदा पाहिला तो सकाळी, चहाचा कप हातात असताना. चहा लेंग्यावर सांडला, मांडी चांगली भाजली, तरी मी स्क्रीनकडेच बघत बसलो. किल्ला होता. बुरूज होते, तोफा होत्या, किनाऱ्यावरची माडांची रांगही जागेवर होती. आणि जिथं पाणी असायला हवं तिथं नुसता राखाडी रंग फासलेला. त्या राखाडीच्या कडेला आमची गलबतं ओळीनं उभी होती, एकही हलत नव्हतं. खाली एक ओळ लिहिली होती: ‘समुद्राचा भाग या संचात नाही. त्याच्या लेखकाची परवानगी मिळालेली नाही.’

तो लेखक म्हणजे मी. आणि परवानगी मी दिली होती हो! माझ्या ओटीवर बसून, माझ्या तोंडानं, बायकोच्या देखत दिली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साऱ्या जगासमोर मला कोणी असं खोटं पाडलेलं नव्हतं, आणि पाडलं तेही कोणी, तर माझ्या जिवलग मित्राच्या मुलीनं.

पण असं मधूनच सांगून चालायचं नाही. मुळापासून सांगतो.

आम्ही चौलचे. थोडी नारळ-सुपारीची वाडी, त्यात घर. माझा मित्र खाडीपलीकडचा, मुरूडच्या वाटेवरच्या एका गावातला. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या कोणी ना कोणी आखातात नोकरीला असायचंच. अलिबागला कॉलेजात एका बाकावर बसलो, आणि पुढं दोघांनाही एकाच वेडानं पछाडलं ते म्हणजे कॉम्प्युटर. आमच्या पडवीत एक जुना कॉम्प्युटर आणून बसवला आणि आम्ही दोघांनी मिळून एक खेळ लिहायला घेतला. डावपेचांचा खेळ. आपला किल्ला, आपलं आरमार, समोर शत्रूचं आरमार आणि मध्ये आपली खाडी. परदेशी खेळांत समुद्र म्हणजे नुसता निळा पट्टा असायचा, कधीही या, कधीही जा. आमच्या खेळात तसं नव्हतं. ओहोटीला खाडीत शिरलात तर रुतून बसणार. भरती साधली तर जिंकणार. सगळी गंमत त्यातच होती.

कामं वाटून घेतली होती. किल्ला, लढाई, शत्रूची अक्कल, दिवस-रात्र आणि आकाशातला चंद्र ही त्याची बाजू. वारा, पाणी, भरती-ओहोटी ही माझी. त्याच्या बाजूनं चंद्राचा दिवस सांगणारा एक आकडा माझ्याकडे यायचा. तो घेऊन मी भरतीची वेळ काढायची. आमच्या दोन भागांचा सांधा एवढाच.

भरतीचं गणित आमच्याकडे लहान पोरंही करतात. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पाणी तुडुंब. पौर्णिमा, अमावस्येला बाराच्या आसपास. हेच मी कॉम्प्युटरला शिकवलं होतं. रोज पंचांग घेऊन बंदरावर जायचो आणि पाणी बघून यायचो. कुठंही फरक नाही. माझा समुद्र चोख होता.

खेळ पुरा झाला आणि अलिबागच्या एका कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराला आम्ही तो दाखवायला नेला. त्याला पसंत पडला तर तो सीडी काढून विकणार होता. दुकानात बरीच मंडळी जमली होती, आमच्या वर्गातलीही होती. खेळायला माझा मित्र बसला. खेळातला दिवस पौर्णिमेचा, वर पुरा चंद्र त्यानं पाहिलेला. पौर्णिमेला दुपारी बाराला खाडी भरलेली असते हे रेवदंड्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यानं बरोबर बाराला सगळं आरमार खाडीत घातलं. आणि दोन चाली झाल्या नाहीत तोच सगळी गलबतं गाळात. पाणी उतरायला लागलं होतं. शत्रूनं किनाऱ्यावरून एकेक गलबत टिपलं. दुकानात हशा पिकला. दुकानदारानं सीडी आमच्या हातात परत दिली आणि पुढच्या गिऱ्हाईकाशी बोलायला लागला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मित्र मला म्हणाला, ‘तुझा दर्या चुकला.’

मी म्हटलं, ‘तुझा चांद चुकला.’

झालं. तिथून जे पेटलं ते काही विझलं नाही. त्यानंही घराच्या गच्चीवर बसून महिनाभर चंद्र तपासला होता. त्याचा आकडा आणि आकाशातला चंद्र यांत तसूभर फरक नव्हता. माझं पाणी खाडीशी जुळत होतं. आता सांगा, आपलं बरोबर आहे हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस कशाला नमतं घेईल? त्यानंही घेतलं नाही आणि मीही नाही. पुढं लवकरच त्याला आखातात नोकरी लागली. मी इथं कॉम्प्युटर क्लास काढला, वाडी सांभाळली, संसार केला. खेळ संपला.

बोलणं मात्र तुटलं नव्हतं. ते आमच्या दोघांच्याही रक्तात नाही. दिवाळीला मी त्याला फोन करायचो, रमजान ईदला तो मला. तिकडची ईद बहुतेक आदल्या दिवशीच झालेली असायची, पण तो आपल्या गावच्या ईदेला घरी फोन करायचा आणि मग मला. खेळाचा विषय दोघंही चुकूनसुद्धा काढायचो नाही. फक्त दर ईदेला बोलता बोलता तो विचारायचा, ‘आज खाडीला भरती किती वाजता रे?’ माझं डोकंच फिरायचं. वर्षं लोटली तरी हा टोमणा मारायचा सोडत नाही म्हणजे काय? मी पंचांगात बघून ताड्कन वेळ सांगायचो, की घे बाबा, माझा दर्या अजून बरोबर आहे. तो ‘बरं’ म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी तो तिकडेच गेला. कामावरच कोसळला म्हणे. तिकडेच दफन केला. मी खाडीपलीकडे त्याच्या घरी जाऊन भाभींसमोर बसलो. त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही हे मनातून जात नव्हतं, अजूनही जात नाही.

आणि मग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याची मुलगी आमच्या ओटीवर आली. नवी मुंबईत एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. बापाचेच डोळे, बापासारखंच पाय मुडपून बसणं. तिनं लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला आणि मी हबकलो. आमचा खेळ! नुसता खेळ नव्हे, त्याचा सोर्स कोड, म्हणजे आम्ही दोघांनी स्वतः लिहिलेल्या मूळ ओळी, ज्यांच्यापासून खेळ तयार होतो. माझ्याकडची प्रत केव्हाच गेली होती. वादळात पडवीचं छप्पर उडालं तेव्हा तो जुना कॉम्प्युटर, सीड्या, सगळं पाण्यात गेलं. मी समजत होतो की त्यानं तर रागानं पहिल्याच वर्षी फेकून दिलं असेल. तर यानं ते आखातात नेलं होतं, खोल्या बदलल्या, कॉम्प्युटर बदलले, आणि दर वेळी हे आठवणीनं नव्यावर उतरवून घेतलं होतं.

‘अब्बा कधी कधी उघडून बसायचे,’ ती म्हणाली. ‘अम्मी चिडायची.’

बायकोनं चहा आणला, तो तसाच निवून गेला.

मुलीचं म्हणणं असं होतं. हल्ली मोठमोठ्या परदेशी कंपन्याही आपल्या जुन्या युद्धखेळांचा कोड लोकांसाठी खुला करतात. जुने खेळ नव्या यंत्रांवर चालेनासे होतात, पण कोड हाती असला की शौकीन मंडळी ते दुरुस्त करून पुन्हा चालते करतात. तसा आमचा खेळ खुला करायचा. त्यावर बापाचं नाव राहील. दुसरं काहीच त्याच्या नावावर राहिलेलं नाही, सगळी हयात दुसऱ्यांच्या कंपनीत गेली. मला ते एकदम पटलं. पण नंतर ती लायसन्सवर आली. खुला करायचा म्हणजे काय, तर कोणीही तो घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा. विकलासुद्धा तरी चालेल.

‘विकलासुद्धा?’ मी ताठ झालो.

हो, विकलासुद्धा. अट एवढीच की मूळ लेखकांची नावं काढायची नाहीत, आणि ज्यानं बदल करून पुढं दिला त्यानं आपला बदलही तसाच खुला ठेवायचा. ऐकून मला आधी घामच फुटला, पण बायको आतून म्हणाली, यात नवीन काय, आपल्या मिरवेलीचं असंच तर आहे. खरंच की. आमच्या आळीत काळ्या मिरीच्या वेलीचं छाट कोणी मागितलं तर नाही म्हणत नाहीत. नेणाऱ्यानं मात्र पुढं कोणी मागितलं तर द्यायचं, आणि हे कोणाकडचं ते सांगायचं. ज्यानं दिलं नाही त्याला आळीत कोणी विचारत नाही. म्हटलं, मग हरकत कसली.

तर ती म्हणते, ‘काका, तुमची लेखी परवानगी लागेल. समुद्राचा भाग तुमचा आहे. अब्बांच्या भागाची अम्मी आणि मी देऊ शकतो, तुमच्या भागाची तुम्हीच. मी ईमेल पाठवते, त्याला फक्त उत्तर द्या.’

लेखी! माझ्याकडून! जिच्या बारशाला मी घुगऱ्या घेऊन होडीनं खाडी ओलांडून गेलो होतो, ती पोरगी माझ्याकडे लेखी मागते! मला इतकं लागलं की काय सांगू. पण पोरीला काय बोलायचं? मी म्हटलं, ‘अगं, घे की. तुझंच आहे. विचारायचं काय त्यात?’ ती हसली, भाभींनी दिलेली नानखटाई बायकोच्या हातात ठेवली आणि गेली.

ईमेल आला. मी वाचला. उत्तर दिलं नाही. बायको म्हणाली, तुम्हाला लिहून द्या म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं का होतं? मी म्हटलं, एकदा घे म्हटलं ना, आणखी काय पाहिजे. आमच्याकडे वाडीतून वाट द्यायची तर तोंडी देतात, विहिरीचं पाणी तोंडी देतात. माझा शब्द म्हणजे शब्द.

हे खरंच होतं, पण पुरतं खरं नव्हतं. खरी गोष्ट बायकोलाही सांगितली नाही. मला भीती वाटत होती. कोड खुला झाला की कोणीही तो उघडून वाचणार. त्या दिवशी दुकानात गलबतं कुणाच्या चुकीनं रुतली हे कोणी ना कोणी शोधून काढणार. इतकी वर्षं मी छातीठोकपणे म्हणत आलो की चांद चुकला. आणि दर्याच चुकलेला निघाला तर? तो असता तर एक वेळ तोंडावर भांडलो असतो. आता तो नाही, आणि मी त्याच्यावर इतकी वर्षं खोटा आळ घेतला असं ठरलं तर मी भाभींकडे कुठल्या तोंडानं जाऊ?

तर मी गप्प बसलो. मला वाटलं, ती पुन्हा विचारेल. एक फोन करेल, काका राहिलंय हां म्हणेल, मग बघू. तिनं विचारलंच नाही. सुट्ट्या झाल्या, सुपाऱ्या सोलून झाल्या, खेळ खुला झाल्याचा तिचा ईमेल आला, आणि मग ती सकाळ उगवली, राखाडी समुद्राची.

मी स्कूटर काढली आणि चहा सांडलेल्या लेंग्यावरच निघालो. पूल ओलांडताना खाली खाडी भरत होती, मचवे बाहेरून आत येत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढून ती राखाडी जात नव्हती. रविवार होता म्हणून मुलगी गावी आलेली होती. ओसरीत बसून केस विंचरत होती. मला बघून उभी राहिली, डोक्यावर ओढणी घेतली. मी दारातच सुरू झालो. तोंडाला येईल ते बोललो. मी घे म्हटलं नव्हतं? तुझंच आहे म्हटलं नव्हतं? मग परवानगी मिळाली नाही असं जगाला सांगताना जीभ कशी रेटली? भाभी आतून धावत आल्या. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती खरोखरच घाबरली होती, आणि ते बघून मीच घाबरलो.

‘मला वाटलं, तुमची इच्छा नाही,’ ती म्हणाली. ‘तुम्ही उत्तर दिलं नाहीत.’

‘मग पुन्हा विचारायचं!’

‘मोठ्यांकडे एकच गोष्ट दोनदा मागायची नाही, आमच्याकडे शिकवलंय.’ तिनं भाभींकडे पाहिलं. भाभींनी मान खाली घातली.

मी मटकन पायरीवर बसलो. घ्या! म्हणजे मी तिथं तिच्या दुसऱ्या फोनची वाट बघत बसलेलो, आणि इथं ही अदबीनं गप्प. आणि दोघांच्या मध्ये आमचा समुद्र पुसला गेला. हसावं की रडावं कळेना. भाभींनी पाणी आणून दिलं. जरा दम घेतल्यावर मुलगी माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि हळू आवाजात समजावायला लागली. तुमचा शब्द मला पुरतो काका, पण उद्या खेळ घेणारा कुठल्या कुठल्या देशातला असेल. त्याला कोण सांगणार की तुम्ही ओटीवर बसून घे म्हणाला होता? ज्याच्यावर लायसन्स लिहिलेलं नाही, त्याला शहाणा माणूस हात लावत नाही. तुम्ही दिलेलं लोकांपर्यंत पोचावं म्हणूनच तर ते लिहायचं.

पटलं. पटलं म्हणून मग मनातलं तेही बाहेर पडलं. मी म्हटलं, ‘बाळा, आणि माझा समुद्र चुकलेला निघाला तर?’

तिनं ओढणी सारखी केली. मग म्हणाली, ‘तर अब्बांचा चांद बरोबर होता हे सगळ्यांना कळेल. खोटं कशाला बोलू काका, मला तेच हवंय. शेवटपर्यंत म्हणायचे ते, माझा चांद बरोबर होता.’

ऐकून काळजात चर्र झालं. म्हणजे हिच्यासमोर डाव एकच होता, आणि तो मी हरलो तरच ती जिंकणार होती. आणि ते तिनं माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी आत जाऊन तिच्या लॅपटॉपसमोर बसलो आणि बोटानं एकेक अक्षर दाबत उत्तर लिहिलं, की समुद्राचा भाग माझा आहे आणि तो मी या अटींवर सर्वांना देतो. खाली माझं नाव टाकलं. भाभींनी मासळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली, जेवल्याशिवाय सोडलं नाही.

समुद्र परत आला. राखाडी गेली, पाणी हलायला लागलं, गलबतं डुलायला लागली. वरती दोन लेखकांची नावं, आधी त्याचं, मग माझं. नंतरचे काही दिवस मी रोज उठून बघायचो आणि रोज नवा धक्का बसायचा. कुणीतरी कुठल्याशा देशात बसून आमचा खेळ फोनवर चालवला. कुणी आपल्या भाषेत घेतला. एकानं शत्रूची बाजू आपल्याला खेळायला मिळेल असं केलं, तेव्हा मी फोन करून मुलीवर ओरडलो की हे कसं चालतं, तर ती म्हणाली लायसन्समध्ये चालतं. एका भल्या माणसानं आमच्या खाडीत देवमासा सोडला! खाडीत देवमासा! मी कपाळाला हात लावला. बायको मात्र आठवडाभर हसत होती.

आणि मग एका दुपारी मुलीचा फोन आला. आवाज वेगळाच. म्हणाली, काका, एक दुरुस्ती आली आहे. कोण आहे ठाऊक नाही, आपल्या देशातला वाटत नाही. ती स्वीकारायची की नाही हे मालकांनी ठरवायचं असतं. मी हात लावलेला नाही, तुम्ही उघडा.

मला कळलं, हेच ते. मी वाडीत झावळ्या ओढत होतो. हात धुतले, ओटीवर येऊन बसलो, पण लॅपटॉप उघडवेना. बायकोनं उघडून दिला.

दुरुस्ती एका ओळीची होती. माणसानं खाली इंग्रजीत कारण लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: तुमच्या खेळातला चंद्र मी तपासला, तो अचूक आहे. तुमचा समुद्रही तपासला, तोही अचूक आहे. चंद्राचा भाग महिना मोजतो तो संध्याकाळी कोर दिसल्यानंतर. समुद्राचा भाग धरून चालतो की महिना अमावस्या संपली की सुरू होतो. दोन्हींत साधारण दोन दिवसांचं अंतर पडतं. मी ते मधल्या सांध्यात मिळवलं आहे.

ओळीत त्यानं काय केलं होतं? माझ्या मित्राच्या बाजूनं येणाऱ्या आकड्यात दोन मिळवले होते. बस.

मी पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. अरे देवा! तो मला चांदाची तारीख पाठवत होता. त्याच्या घरात महिना चांद दिसला की लागतो, मग त्यानं दुसरं काय पाठवायचं? आणि मी ती तिथी म्हणून घेत होतो, कारण माझ्या घरात चंद्राचा दिवस म्हणजे तिथी, मग मी दुसरं काय समजायचं? आकडा दोन्हीकडे एक ते तीसच. गणित कुठं मोडलं नाही, अडखळलं नाही, फक्त पाणी दीड तास आधीच उतरत राहिलं. त्यानं आपला चांद आकाशाशी ताडून पाहिला, मी माझं पाणी खाडीशी ताडून पाहिलं. मध्ये जो सांधा होता, तिथं ना तो आला ना मी गेलो. एका बाकावर बसून वाढलेली दोन माणसं, एकमेकांच्या घरचे सणवार तोंडपाठ असलेली! आणि ज्यानं आम्हाला कधी पाहिलं नाही त्या कुठल्याशा परक्याला ते बसल्या बैठकीला दिसलं.

‘काका, ऐकताय ना?’ मुलगी फोनवर होती. ती रडत होती. ‘दोघांचंही बरोबर होतं.’

मी हो म्हटलं आणि दुरुस्ती स्वीकारली. मग खेळ सुरू केला, पौर्णिमा आणली, आणि दुपारी बाराला सगळं आरमार खाडीत घातलं, अगदी त्यानं त्या दिवशी घातलं होतं तसंच. एकही गलबत रुतलं नाही. बायको पाठीमागं उभी होती. तिनं विचारलं, जिंकलात ना, मग असं का बसलाय?

काय सांगू तिला. मला ईदेचे फोन आठवत होते. दर ईदेला भरतीची वेळ विचारायचा आणि मी त्याला टोमणा समजायचो. तो टोमणा नव्हताच. तो आखातात बसून आमचीच गाठ सोडवायला बघत होता, एकटा. चांदाच्या पहिल्या तारखेला खरी भरती किती वाजता होते, ते मला विचारून घेत होता. आणि त्याचा शेवटचा फोन मला शब्दन् शब्द आठवला.

‘आज भरती किती वाजता रे?’

‘सव्वादोन.’

‘ईदला बघावं तेव्हा तू सव्वादोनच सांगतोस. पंचांग बघतोस का ठोकून देतोस?’

‘आज तीज आहे. तिजेला सव्वादोनच होणार.’

‘तीज कुठली? आज तर पहिली.’

‘तुझी पहिली, माझी तीज.’

यावर आम्ही दोघंही हसलो होतो. चांगले खदखदून हसलो होतो. मग त्यानं विचारलं, वादळात पडल्या त्या जागी नवीन सुपाऱ्या लावल्यास का. मी म्हटलं लावल्या, गुडघ्याएवढ्या झाल्यात. तो म्हणाला, पुढच्या सुट्टीत येतो तेव्हा बघतो. आणि आम्ही फोन ठेवला.